बंबाची काजळी आणि माजघराची भिंत

गुहागरच्या आमच्या घरात न्हाणीत अजून तांब्याचा बंब पेटतो. गेल्या आषाढात बंबफोड, म्हणजे बंबात घालायची फोडलेली लाकडं, संपली, म्हणून मी पडवीतली नारळाची भिजकी सोडणं घातली. ओलं जळण पेटलं तरी त्याची आच स्वतःतलं पाणी आटवण्यातच जाते. जाळ धड होत नाही आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन वर जातो. त्यात बंबाचा धूर जायचा नळा आधीच तुंबलेला. धूर उलटा फिरला आणि शेजारच्या माजघरात भरला.

आईचं डोकं जड झालं होतं. तिला आधी अंगणात नेऊन बसवलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. अशा कोंडलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे भिंतीचं सगळं नंतर.

नंतर मात्र घाई नडली. ओल्या फडक्यानं भिंत पुसली, तर तेलकट काळा पट्टाच उमटला. काकू धावत आली. "अरे, पाणी नको लावूस! काजळी आधी कोरडीच काढायची." तिनं कणकेचा घट्ट गोळा मळून दिला. भिंतीवर हलकेच दाबायचा, उचलायचा, काळी बाजू आत दुमडायची, पुन्हा दाबायचा. रगडायचा अजिबात नाही. दुपारपर्यंत चार गोळे काळे झाले आणि खालचा चुना दिसू लागला. अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांमुळे काळवंडलेल्या भिंतींसाठी असाच पिठाचा गोळा विकत मिळे. पुढे १९५६ साली तोच प्ले-डो नावानं मुलांचं खेळणं झाला.

दुसऱ्या दिवशी बंब गार असताना काठीला काथ्याचा बोळा बांधून नळा खरवडला. घमेलंभर काजळी निघाली. आता दर महिन्याला काढतो.

रंगाचं काम भिंत सुकेपर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत थांबवलं. रंगारीदादांनी आधीच सांगितलं होतं, थेट डिस्टेंपर मारला तर पिवळट डाग वर येतात, खाली ऑइल प्रायमर हवा. माझ्या फडक्याच्या पट्ट्यावर प्रायमरचे दोन हात द्यावे लागले.

यंदा शिमगा होताच बंबफोड करून घेतली, वैशाखभर उन्हात वाळवली आणि खोपीत जमिनीपासून उचलून रचली. दोन फोडी एकमेकींवर आपटून बघतो. वाळलेली खणखणते, ओली बद्द वाजते. बद्द वाजली ती परत उन्हात.