गोल्डन अवर, खारा वारा आणि तिथीची पाऊणपट

कोकणच्या किनाऱ्यावर मॉडेलचे फोटो काढायचे, तर गोल्डन अवर, म्हणजे मावळतीआधीचा सोनेरी उजेड, तासभर टिकत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करावं. युरोपातले व्हिडिओ बघून आलेल्यांची इथेच फसगत होते. तिकडे सूर्य तिरका उतरतो, आपल्याकडे जवळजवळ सरळ खाली येतो, साधारण साडेचार मिनिटांत एक अंश. हात लांब करून चार बोटं क्षितिजावर आडवी ठेवली आणि सूर्य त्यांच्यावर टेकलेला दिसला, की तो सात-आठ अंशांवर आहे. म्हणजे हातात अर्धा तास. त्यातही क्षितिजालगत धुरकट थर असला की शेवटची पाच-सात मिनिटं प्रकाश मरतो. मी हिशेब पंचवीस मिनिटांचाच धरते. एवढ्यात एक पोशाख नीट होतो. दुसरा हवा असेल तर ऊन कडक असतानाच सुरूच्या सावलीत उरकून घेते, कारण कपडे बदलण्यात दहा-बारा मिनिटं जातात.

तारीख मी तिथी बघून ठरवते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे ऐन वेळी पुळण अरुंद आणि पाय ठेवायला मऊ, कोरडी वाळू. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, सहाला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. माझी पसंती पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या दिवसांना. तेव्हा संध्याकाळी पाणी मागे जात असतं आणि मागे आरशासारखी ओली वाळू सोडतं. चतुर्दशीला किनारा तितकाच रुंद दिसतो, पण पाणी चढत असतं, आणि ते आधी बॅगेपर्यंत पोचतं.

खरी डोकेदुखी वाऱ्याची. संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो, बहुतेक वेळा वायव्येकडून. सूर्यही समुद्रावरच. मॉडेलला सूर्याकडे पाठ करून उभं केलं की केस थेट तोंडावर येतात आणि पदर कॅमेऱ्याकडे फुगतो, पोट सुटल्यासारखं दिसतं. स्प्रे मारून हे सुटत नाही, दिशा बदलूनच सुटतं. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या जवळपास पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो, त्यामुळे ऊन एकीकडून आणि वारा दुसरीकडून मिळतो. सूर्य पाठीशी ठेवून मॉडेलने अंग डावीकडे, उत्तरेच्या बाजूला तीस-चाळीस अंश वळवलं की वारा गालावर लागतो, केस मागे जातात आणि पदर बाजूला उडतो. मे महिन्यात सूर्यही वायव्येकडे सरकलेला असतो, दोन्ही एकाच रेषेत येतात. मग केस बांधलेले बरे. लांब मोकळ्या केसांचं काम मी उन्हाळ्यात घेतच नाही.

क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर पडते. उभं राहून फोटो काढला तर ती मॉडेलच्या मानेतून किंवा डोळ्यांतून जाते. मी गुडघ्यावर बसून कॅमेरा कमरेच्या उंचीला, सुमारे एक मीटरवर धरते. चार मीटर अंतरावर ८५ मिमी लेन्सने जवळजवळ पूर्ण उंची येते आणि आठ अंशांवरचा सूर्य बरोबर डोक्यामागे लपतो. सूर्य तीन अंशांवर आला की तो छातीपाशी घसरतो. तेव्हा नऊ-दहा मीटर मागे जायचं आणि २०० मिमी लावायची. वाळूत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर मीठ बसवणं, म्हणून दोन कॅमेरा बॉडी किंवा सरळ ७०-२०० मिमीची झूम लेन्स. सूर्य पूर्ण उघडा फ्रेममध्ये घेतला तर ऑटोफोकस भटकतो. तो डोक्यामागे लपवून डोळ्यावर फोकस घ्यावा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा सोनेरी रंग काढून टाकतो. मी ५६०० केल्विनवर बांधून ठेवते आणि रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढते. मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, चेहऱ्यावर; आकाश थोडं जळून पांढरं पडलं तरी चालेल. सुरुवातीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ २, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास. सूर्य टेकताना आयएसओ ४००. शटर १/५०० च्या खाली नेत नाही, उडत्या कापडाची कड पुसट होते. प्रकाश कमी झाला की आयएसओ वाढवते.

रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवणारी तबकडी, ४२ इंची, पांढऱ्या बाजूने. सोनेरी बाजू आधीच पिवळ्या उजेडात चेहरा हळदीसारखा करते. वाऱ्यात त्याचं शीड होतं, म्हणून मदतनीसाने खाली बसून एक कड वाळूत दाबायची. पांढऱ्या वाळूवर तो कित्येकदा लागतच नाही. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या काळ्या वाळूवर मात्र त्याच्याशिवाय हनुवटीखाली काळोख.

पाण्यात उतरायचे फोटो शेवटी. साडीच्या ओल्या काठाला चिकटलेली वाळू परत झटकली जात नाही.

सूर्य बुडाल्यावर बहुतेक जण सामान आवरतात. तिथून पुढची दहा-बारा मिनिटं मला जास्त आवडतात. मॉडेलचं तोंड समुद्राकडे करायचं, आपण पाण्याकडे पाठ. अख्खं पश्चिमेचं आकाश मऊ, गुलाबी दिवा होतं, रिफ्लेक्टर लागत नाही, आयएसओ १६०० पर्यंत जातो. फक्त मागच्या लाटेवर एक माणूस नजर ठेवायला हवा. हिवाळ्यापासून वेळास, आंजर्ले, गुहागरकडे कासवांची घरटी असतात. तिथे कुंपणापासून लांब राहावं आणि अंधारात फ्लॅश, टॉर्च बंद ठेवावेत.

फिल्टरवर बसलेलं मीठ कोरड्या कापडाने पुसलं तर चरे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्यात बुडवून, उघडे ठेवून वाळवते; सकाळपर्यंत न धुता ठेवले तर सांधे कुरकुरायला लागतात.