निळी ताडपत्री आणि चिखलातली घरे

आपत्तीनंतरच्या खर्चाबद्दल प्रश्न विचारला की 'तेव्हा वेळच नव्हता' हे उत्तर ठरलेले असते. सरकारी बिले तपासण्यात नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे ते माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. अमेरिकेतील कतरिना वादळाच्या मदतखर्चाविषयी वाचताना मात्र ते अर्धेच खरे आहे, असे माझे मत झाले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले, न्यू ऑर्लीन्सचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पंधरवडा उलटण्याच्या आत तिथल्या संसदेने ६२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. पैसा आला, पण तो खर्च करणाऱ्या फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडे करार लिहिणारी आणि कामावर देखरेख ठेवणारी माणसे मोजकीच होती. तात्पुरत्या निवाऱ्याचे काम चार मोठ्या कंपन्यांना निविदा न मागवता, प्रत्येकी १० कोटी डॉलरच्या मर्यादेने देण्यात आले आणि ही मर्यादा लवकरच ५० कोटींवर गेली. ही कामे पुन्हा निविदेने देऊ, असे फेमाचे हंगामी प्रमुख डेव्हिड पॉलिसन यांनी ऑक्टोबरमध्ये सिनेटच्या समितीला सांगितले. कामे मात्र त्याच कंपन्यांकडे राहिली आणि रकमा वाढत गेल्या.

मला सर्वांत बोलके वाटते ते निळ्या ताडपत्रीचे प्रकरण. उडालेल्या छपरांवर ताडपत्री ठोकण्याचे काम लष्कराच्या अभियंता दलाने कंत्राटदारांकडून करून घेतले. ताडपत्री सरकारचीच होती, कंत्राटदाराने फक्त ती बसवायची होती. तेव्हाच्या बातम्यांनुसार, शंभर चौरस फुटांमागे मुख्य कंत्राटदाराला १७५ डॉलरपर्यंत मिळत होते. तेच काम पोटकंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार असे उतरत प्रत्यक्ष छपरावर चढणाऱ्या टोळीपर्यंत पोहोचेतो दर कधीकधी दोन डॉलरवर आलेला असे. यात खोटे बिल कोणी लावण्याची गरजच पडत नाही. मोजमाप पुस्तिकेतील नोंद बरोबर, दर कराराप्रमाणे, सही योग्य अधिकाऱ्याची. अशा बिलावर तपासनीस आक्षेप तरी कशाचा घेणार? पैसा मुरतो तो करारातच, बिलापर्यंत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय अटलांटिकचा वादळी मोसम दरवर्षी जून ते नोव्हेंबर असाच असतो, तेव्हा ताडपत्री ठोकण्याचा दर मे महिन्यात ठरवून ठेवायला कोणाची हरकत होती, हे मला अजून उमगलेले नाही.

निवाऱ्याच्या बाबतीत तर घाईचीही सबब चालत नाही. फेमाने कारखान्यात बनवलेली सुमारे २५ हजार घरे ८० कोटी डॉलरहून अधिक खर्चून घेतली. पूरप्रवण जमिनीवर अशी घरे ठेवू नयेत, हा फेमाचा स्वतःचाच नियम होता आणि घरे हवी होती ती बहुतांशी अशाच भागात. परिणामी त्यांतील दहा हजारांहून अधिक घरे आर्कान्सा राज्यातील होप या गावाच्या विमानतळावर रिकामी उभी राहिली आणि काही चिखलात रुतू लागली. (होप म्हणजे आशा. हा विनोद तिथल्या पत्रकारांना माझ्याआधी सुचला असणार.) मदतीसाठी घेतलेला काही बर्फ तर दोन वर्षे शीतगृहात सांभाळून, त्याचे भाडे भरून, २००७ मध्ये वितळवण्यात आला.

या अनुभवानंतर २००६ मध्ये कायदा सुधारण्यात आला आणि निविदेविना दिलेल्या तातडीच्या करारांना साधारणपणे १५० दिवसांची मर्यादा आली. मुदत आवळली गेली, पण काम घेणाऱ्याची ऐपत पाहायची की नाही, हा प्रश्न उरलाच. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिको हे अमेरिकेच्या अखत्यारीतील बेट उद्ध्वस्त केल्यावर फेमाने तीन कोटी तयार जेवणांचे १५ कोटी ६० लाख डॉलरचे कंत्राट अटलांटातील एका कंपनीला दिले. ती कंपनी एक बाई एकट्या चालवत होत्या आणि तिची आधीची काही सरकारी कंत्राटे रद्द झालेली होती. ठरलेल्या तारखेपर्यंत १ कोटी ८५ लाख जेवणे पोहोचायला हवी होती, पोहोचली ५० हजार. तीही अशी, की अन्न गरम करण्याची पाकिटे अन्नासोबत न येता वेगळी आली.