तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला बोर्ड कुठला घ्यायचा?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. बोर्ड म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रोग्राम टाकून दिवे, मोटर, सेन्सर चालवता येतात ती छोटी सर्किटची पाटी. ताई, मुलगा आठवीत आहे, त्याला सर्किटचं वेड आहे, तर उनो घेऊ, ईएसपी३२ घेऊ का सरळ रास्पबेरी पायच घेऊन टाकू म्हणजे पुन्हा खर्च नको. दर वेळी दोन ओळीत उत्तर देते आणि नंतर वाटतं अर्धवटच सांगितलं, म्हणून आज नीट लिहिते.

माझं उत्तर उनो, म्हणजे आर्डुइनो या बोर्डांच्या मालिकेतला उनो. त्यातही तो, ज्याच्यावर काळी, लांबुडकी, २८ पायांची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. छोट्या चौकोनी चिपचा पण मिळतो, चालतो तसाच, पण त्यात चिप बोर्डालाच सोल्डर केलेली असते, पोरासाठी तो नको. कारण शिकताना चुका होणारच आहेत, एलईडीला रेझिस्टर (करंट कमी ठेवणारा भाग) लावायचा राहणार, मोटर डायरेक्ट पिनला जोडली जाणार (एका पिनमधून २० मिलिअँपच्या आसपासच घ्यावेत, छोटी मोटर पण त्याच्या कितीतरी पट मागते), आणि एखाद दिवशी चिप जाणार. तेव्हा स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलून काढायची, खाचेची बाजू बघून नवी बसवायची, बोर्ड परत चालू. फक्त दुकानात बूटलोडर (यूएसबीवरून आलेला प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम) टाकलेली चिप मागायची, कोरी आणलीत तर यूएसबीवरून प्रोग्राम जाणार नाही.

आर्डुइनो मुळात इंजिनिअर लोकांसाठी काढलेलंच नाही. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावात डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी ते सुरू झालं, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नव्हता अशांसाठी. डिझाइन सगळ्यांना खुलं ठेवलं म्हणून तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ओरिजिनलपेक्षा खूप कमी पैशात क्लोन, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले तसेच बोर्ड, मिळतात. क्लोन खुशाल घ्या, बऱ्याच क्लोनवर सीएच३४० नावाची यूएसबीची चिप असते, कॉम्प्युटरने बोर्ड ओळखला नाही तर तिचा ड्रायव्हर टाकायचा एवढंच.

मग लोक म्हणतात, पण ईएसपी३२ मध्ये वायफाय, ब्लूटूथ सगळं आहे, स्पीड २४० मेगाहर्ट्झ, उनो बिचारा १६ वर, आणि त्याची रॅम जेमतेम २ केबी. सगळं खरं आहे. पण ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि बाजारातले कितीतरी स्वस्त सेन्सर ५ व्होल्टचे, त्यामुळे टाकीची पातळी मोजणारा साधा अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) सेन्सर लावायचा तरी इको पिनला (जिथून सेन्सर उत्तर पाठवतो) १ के आणि २ के (किलो-ओहम) चे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणावं लागतं. आठवीतल्या मुलाला हे समजणार नाही असं नाही, पण पहिल्याच रविवारी नको.

हे मी स्वतः भोगलंय. माहेरी गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, आई पंप लावून कामात गुंतली की पाणी खाली अंगणात. म्हणून मोबाईलवर पातळी दिसेल असं काहीतरी करायचं ठरवलं, ईएसपी३२ घेऊन गच्चीवर बसले, संध्याकाळ होत आली होती, अंधुक उजेडात ५ व्होल्टची वायर ३.३ च्या पिनमध्ये गेली. आवाज नाही, धूर नाही, बोर्डवरचा दिवासुद्धा लागलेला, फक्त ज्या चकचकीत पत्र्याच्या डबीत ईएसपी३२ ची चिप असते तिच्यावर बोट ठेवलं तर चटका बसला. संपलं. ती डबी सॉकेटमधून काढता येत नाही, अख्खा बोर्ड गेला.

बॅगेत जुना उनो होता. सकाळी तो लावला, वाफेने गंजू नये म्हणून वॉटरप्रूफ सेन्सर टाकीच्या झाकणाजवळ बसवला (त्याला जवळचं वीसेक सेंटिमीटर दिसत नाही, तेवढा तो पाण्यापासून उंच लागतो) आणि स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढून एक बझर. टाकी भरली की वाजतो. तेव्हा मला कळलं की आईला वायफाय नकोच होतं, तिला ओट्यापाशी ऐकू येईल असा आवाज हवा होता. म्हणून तुम्ही बोर्डाबद्दल विचारलंत की मी आधी काय बनवायचंय ते विचारते. लांबून बघायचंय, फोनवर हवंय, मग ईएसपी३२ ला पर्याय नाही आणि तो मला फार आवडतो, पण दुसरा म्हणून.

रास्पबेरी पाय म्हणजे पूर्ण कॉम्प्युटर, त्यात मेमरी कार्ड, लिनक्स, मध्येच लाईट गेली तर कार्ड खराब व्हायची भीती, दिवा लुकलुकवायला एवढं कशाला. त्यांचाच पिको, २०२१ मध्ये आलेला, छान बोर्ड आहे, पायथॉन येत असेल तर जरूर घ्या, फक्त तोही ३.३ चाच आणि साध्या पिकोला पिना आपण सोल्डर कराव्या लागतात.

आणि केबल नीट बघून घ्या हो. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतात, बोर्डवर दिवा लागतो पण कॉम्प्युटरला काही दिसत नाही आणि मूल बोर्ड खराब आहे म्हणून हिरमुसून बसतं.

बोर्ड आला की पहिलं ब्लिंक हा तयार प्रोग्राम टाका, बोर्डवरचा १३ नंबरच्या पिनचा दिवा एक सेकंद लागेल, एक सेकंद विझेल. मग तुम्ही हात लावू नका, मुलालाच डिलेमधला (थांबायचा वेळ, मिलिसेकंदांत) १००० चा आकडा १०० करून परत अपलोड करू द्या आणि त्या दिव्याकडे बघताना त्याचा चेहरा बघा.