एसीतला गॅस गेला कुठे? माझा अनुभव

गाडीच्या एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि ती जागा सापडेपर्यंत नवीन गॅस भरण्यात अर्थ नाही. मी हाच हट्ट धरला आणि गाडी नीट झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या वर्षी एका गॅरेजने गळती न शोधता गॅस भरून दिला होता. यंदा मार्च लागला आणि पुन्हा तेच. कागलच्या एमआयडीसीतून परत येताना हायवेवर जरा गार लागायचं, पण कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलं की कोमट वारा. बॉनेट उघडून ऐकलं तर कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) इंजिनला जोडणारा क्लच टक्‌ करून लागायचा आणि लगेच सुटायचा. आईला दम्याचा त्रास. काचा उघड्या ठेवल्या तर धूळ, बंद ठेवल्या तर घुसमट. दुसऱ्या एका ठिकाणी गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारे काटे, तेसुद्धा न लावता सांगितलं, "कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागची हवा गार करणारी जाळी) गेली, डॅशबोर्ड उतरवायला लागेल." तिथून मी गाडी परत आणली.

मग मित्राच्या ओळखीने उद्यमनगरातल्या एका एसी मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, आधी बघू तर द्या कुठनं जातंय."

त्यांनी आधी कंडेन्सरचा, म्हणजे बंपरमागे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा, पंखा फिरतोय का ते पाहिलं. हायवेला त्या जाळीला वारा लागतो, सिग्नलला फक्त पंखा; म्हणून हायवेला गार आणि सिग्नलला गरम असेल तर पहिला संशय पंख्यावर. तो ठीक होता. मग सावलीत थंड झालेल्या गाडीला, इंजिन बंद ठेवून, गेज लावले. आर-134ए (माझ्या एसीतला गॅस) पुरेसा असेल तर 30 अंश तापमानाला दोन्ही काटे 95 ते 100 पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास दिसायला हवेत. माझ्या गाडीत ते 50 च्याही खाली होते. क्लच सारखा का सुटतो, याचंही उत्तर त्यातच होतं: दाब फार उतरला की स्विच कंप्रेसर बंद करतो.

उरलेला गॅस त्यांनी मशिनमध्ये ओढून घेतला, हवेत सोडला नाही. हे मला फार आवडलं. हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो. नंतर नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला. साध्या हवेबरोबर ओल आत जाते, नायट्रोजन कोरडा असतो. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावत ते पुढे सरकत गेले. बंपर उतरवल्यावर कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट काळा डाग दिसला. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी धूळ अशी चिकटून बसते. तिथे फेस लावला आणि मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगत गेला. फुटला, लगेच दुसरा आला. कूलिंग कॉइलला काहीही झालेलं नव्हतं.

कंडेन्सर नवीन घातला. सिस्टिम उघडली म्हणून ओल शोषणारा ड्रायर आणि सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगही बदलल्या, तेल मापून टाकलं. मग व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. हे काम घाईत उरकणारे बरेच आहेत, पण इथे पंप अर्धा तासाहून जास्त चालला. व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या 28 इंचांजवळ थांबला. मी विचारलं, 29 पर्यंत का जात नाही? मिस्त्रींनी सांगितलं: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे हवेचाच दाब तेवढा कमी. काटा त्यापुढे जाणार कसा! पंप बंद करून बराच वेळ वाट पाहिली. काटा हलला नाही, म्हणजे कुठे गळती नाही, तेव्हाच गॅस भरायला घेतला, तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे, वजन करून. जास्त भरला तरी कूलिंग बिघडतं.

बाहेर 36 अंश असताना डॅशबोर्डवरच्या मधल्या, गार हवेच्या जाळीत थर्मामीटर धरला, 8 अंश दाखवले. भरलेल्या गॅसचं वजन मी बिलावर लिहून घेतलंय. पुढे कधी कूलिंग कमी झालं, तर किती गॅस उरलाय हे मोजून किती गळला ते लगेच कळेल.