वीस पडले, तरी दार बंदच!

आज आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाच्या, टेबलावर पाऊण तास खेळ अडला होता. कोठाराच्या पहारेकऱ्याला पटवायला आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने वीस बाजूंचा फासा टाकला. फासा चहाच्या कपाला धडकला, गरगरला आणि थेट वीस! पोरगं खुर्चीवरून उडालंच. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा) दादा शांतपणे म्हणाला, "तरी तो दार उघडणार नाही."

मग जी जुंपली! नियमाने दादाचंच बरोबर. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वीस पडले की हमखास यश, हे हल्ल्याच्या फाशाला; पटवण्यासारख्या कौशल्याच्या चाचणीला नाही. मीच ते पान उघडून दाखवलं. पण त्या पोराचा उतरलेला चेहरा पाहिला आणि पुस्तक मिटून ठेवलं. जे मुळात होणारच नव्हतं, त्यासाठी फासा टाकायला सांगायचंच कशाला? हे मी दादाला स्पष्ट बोलले. तो टिपणं लपवायच्या त्याच्या छोट्या पडद्यामागे जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दार नाही उघडणार. पण पहाऱ्याची पाळी कधी बदलते, ते बोलता बोलता सांगून जाईल."

पोराने लगेच पेन्सिल उचलली. पुढच्या रविवारी बरोबर त्याच वेळेला आत शिरायचंय.