पिवळं कार्ड

माझं रेशन दुकान खटाव तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री पुसेसावळीत दंगल झाली, एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. अफवा थांबायला हव्याच होत्या. पण नेट गेलं की अंगठा घेऊन पावती काढणारं ई-पॉस मशीन चालत नाही, मग पोती समोर असून दुकान बंद.

सोमवारी सकाळी सातलाच चाची आल्या. पिवळं कार्ड, अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांचं. घरात त्या आणि नात. अंत्योदयला माणसं मोजत नाहीत, घरटी महिन्याला 35 किलो, त्याच वर्षीच्या जानेवारीपासून फुकट. चाची रोजानं खुरपायला जातात. ऑगस्ट कोरडा गेलेला, त्यात हे. रानात कुणी बोलवेना. घरातलं पीठ संपलं होतं.

अंगठा न घेता धान्य दिलं तर मशीनमधला साठा आणि दुकानातला साठा जुळत नाही. तपासणीत ती तूट माझ्या नावावर लागते, परवाना जाऊ शकतो. इतक्या वर्षांत मापात मी पावशेराचा फरक पडू दिलेला नाही. म्हणालो, "नेट आलं की या, चाची." त्यांनी पिशवीची घडी घातली आणि गेल्या.

घरच्या कणगीतले पाच किलो गहू देता आले असते. तेव्हा सुचलं नाही, की चार लोक बघतील म्हणून मी सुचू दिलं नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता आहे. आमच्या गावात तो कुणाला मिळालेला मी पाहिला नाही. ज्याच्या डब्यात पीठ नाही, तो अर्ज लिहीत बसेल का? नेट बंद करायचा आदेश निघतो, त्याच कागदावर वहीत सही घेऊन रेशन द्या, एवढी एक ओळ लिहायला काय लागतं?

नेट आलं, रांग लागली. चाची आल्या नाहीत. संध्याकाळी पोतं आणि मशीन गाडीवर टाकून मीच गेलो.

"आला का नाहीत?"

"रस्त्यावर माणसं उभी होती, दादा."

ती माझ्याच दुकानाची रांग होती.

चाचींचा अंगठा तीनदा घेतला, जुळला नाही. खुरप्यानं रेषा झिजल्यात. नातीचं नाव कार्डावर होतं, तिचं बोट लागलं आणि पावती निघाली.

आता दर महिन्याला शाळा सुटली की नातच येते. चाची दुकानात आलेल्या नाहीत.