थ्रॉटल बंद, तरी पंखा ओढतोच

विमान माझ्याकडे आलं ते ब्रेकच्या तक्रारीवर. घरी बांधलेलं दोन आसनी, पुढे ६८ इंच व्यासाचा, ७२ इंच पिचचा लाकडी फिक्स्ड-पिच, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा, पंखा. मालक म्हणाले, "टेकायचं नावच घेत नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं. मग ब्रेक दाबावेच लागतात."

आधी वेगाचा संशय घेतला, बहुतेकदा दोष तिथेच असतो. ६० ऐवजी ६६ नॉटने आलात तर २१ टक्के जास्तीची ऊर्जा जमिनीलगत जिरवावी लागते. पण याचा स्टॉल, म्हणजे उचल सुटण्याचा वेग, ४६ नॉट; उतरताना हवा त्याच्या १.३ पट, म्हणजे ६०, आणि मालक नेमके ६० नेच येत होते. वेगमापकाला हवेचा दाब पुरवणाऱ्या पिटो-स्टॅटिक नळ्यांतही गळती नव्हती.

मग इंजिन गरम करून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा लिव्हर, पूर्ण मागे घेतला. मिनिटाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर १०५० वर थांबला.

पिच ७२ इंच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, मळसूत्रासारखा, ७२ इंच पुढे जाऊ पाहतो. १०५० फेऱ्यांना मिनिटाला ६३०० फूट, म्हणजे ६२ नॉट. विमान ६० ने येतंय आणि पंखा ६२ ची चाल धरून बसलाय, मग तो अडवणार कसा? ७५० फेऱ्यांना हीच चाल ४४ नॉट होते. हवेत वाऱ्याने फेरे थोडे वाढतात, पण इंजिन फिरवायची ती ताकद विमानाच्या वेगातूनच जाते. पात्यांचा कोन आपोआप बदलणाऱ्या कॉन्स्टंट-स्पीड पंख्याची पाती थ्रॉटल मिटताच बारीक (कमी) पिचवर येतात आणि चांगला रोध देतात. इथे ती सोय नाही.

इंजिनावरचं आवरण, काउलिंग, काढलं. कार्ब्युरेटरची थ्रॉटल-भुजा आणि आयडलचा, म्हणजे थ्रॉटल मिटल्यावरचे किमान फेरे ठरवणारा, स्क्रू यांत चक्क २ मिलिमीटर फट! कॉकपिटातला लिव्हर आपल्या अटकावाला आधीच टेकत होता. खरं तर कार्ब्युरेटरचा अटकाव आधी लागायला हवा आणि लिव्हरला थोडी जागा उरायला हवी. थ्रॉटलच्या जोडणीचं टोक (रॉड-एंड) आट्यांवर फिरवून फट घालवली, थ्रॉटल पूर्ण उघडतो ना तेही पाहिलं, लॉकनट आवळला, स्प्लिट पिन नवी घातली. आयडल ७५० वर ठेवला. मालकांना ६०० हवा होता, पण लाकडी पंखा हलका असतो, फ्लायव्हीलचं काम कमी करतो. थ्रॉटल झटकन मिटला तर इंजिन बंद पडू शकतं.

जाताना त्यांना दोन गोष्टी बजावल्या. पूर्ण थ्रॉटलला हा पंखा जागेवर २२०० फेरेच देतो, २७०० नाही, म्हणजे कमी वेगात इंजिनाची पूर्ण ताकद मिळत नाही. उतरणं सोडून पुन्हा वर जायचं तर निर्णय लवकर घ्या. आणि थ्रॉटल आता जुन्या जागी मिटू नका, धावपट्टीच्या अलीकडेच टेकाल.